मुक्काम शहाद्याला, दिवस प्रकाशाला

प्रकाशाला जायचं ठरलं की घरात पहिला प्रश्न निघतो तो खोलीचा. तिथे बरं हॉटेल आहे का, गरम पाणी मिळतं का, सोबत आई-दादा आहेत तर कमोडची सोय आहे का. समाधानकारक उत्तर मिळालं नाही की बेत बदलतो. सकाळी सातपुड्यातल्या तोरणमाळला निघायचं, वाटेत प्रकाशाला पाऊण तास थांबायचं, केदारेश्वराला हात जोडायचे आणि पुढे सुटायचं. तापी, गोमाई आणि पुलिंदा या तीन नद्यांच्या संगमावर वसलेल्या, दक्षिण काशी म्हणवणाऱ्या गावाच्या वाट्याला हा पाऊण तास येतो, आणि त्यातला निम्मा गाडी लावण्यात जातो. राहणं, खाणं आणि थांबणं या तीन गोष्टी एकाच ठिकाणी उरकायच्या असा आपला हट्ट असतो, म्हणून हा घोळ होतो. त्या एकमेकींपासून सोडवल्या तर प्रकाशाची सहल फार सोपी आहे. झोपायला शहादा किंवा नंदुरबार गाठावं. सकाळचा फराळ आणि दुपारचं जेवण प्रकाशाला घ्यावं, रात्रीचं मुक्कामाच्या गावी. थांबायला मात्र प्रकाशाच, आणि तेही पहाटेपासून दुपारपर्यंत व पुन्हा दिवेलागणीला. हे असं का, ते नीट सांगायला हवं, कारण त्यावर आक्षेप आहेत आणि ते क्षुल्लक नाहीत.

आधी झोपण्याचं. लॉज चालतो तो रोजच्या गिऱ्हाइकावर. शहादा हे तालुक्याचं गाव. बाजार समिती आहे, कापसाचे, केळीचे आणि पपईचे व्यापारी येतात, पुरुषोत्तमनगरला साखर कारखाना आहे, सरकारी कामाला येणारी माणसं आहेत. ही माणसं आषाढातही येतात आणि वैशाखातही. नंदुरबारचं तसंच. १ जुलै १९९८ला धुळ्यापासून वेगळा जिल्हा झाला, तेव्हापासून जिल्ह्याच्या सगळ्या कचेऱ्या तिथे आल्या. सुरत-भुसावळ लोहमार्गावरचं स्टेशन आधीपासून होतंच आणि मिरचीचा बाजार त्याहून जुना. म्हणून या दोन्ही गावांत साध्यापासून बऱ्यापर्यंत सगळ्या प्रतीच्या खोल्या तग धरून आहेत. प्रकाशाची गर्दी वेगळ्या जातीची आहे. ती पंचांग बघून येते. श्रावणातले सोमवार, महाशिवरात्र, अमावास्या, पितृपक्ष, अधिक महिना. त्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते आणि दुसऱ्या दिवशी घाटावर गुरं पाणी पीत असतात. अशा गर्दीवर हॉटेल उभं करणारा माणूस वर्षातले बहुतेक दिवस रिकाम्या खोल्यांचं वीजबिल भरेल. अशा ठिकाणी योग्य ठरते ती धर्मशाळा. तिला नफ्याची घाई नसते आणि एका खोलीत दहा माणसं झोपली तरी तिची ना नसते. तेव्हा प्रकाशाला हॉटेल का नाही म्हणून गावाला नावं ठेवण्यात अर्थ नाही. तिथल्या गर्दीला साजेशी सोय तिथे आहे, आपली गरज वेगळी असली तर बारा-तेरा किलोमीटर पलीकडे शहादा आहे. नंदुरबार दुसऱ्या बाजूला, पंचवीसेक किलोमीटरवर.

या दोघांत निवड कशी करायची? रेल्वेने येणार असाल आणि परतीची गाडी पहाटेची असेल तर नंदुरबार. स्वतःची गाडी असेल, किंवा दुसऱ्या दिवशी तोरणमाळ, उनपदेव, सारंगखेडा यांपैकी काही मनात असेल तर शहादा, कारण ही सगळी ठिकाणं शहाद्याच्या बाजूने सोयीची पडतात. खोली घेताना रस्त्याच्या बाजूची टाळा. अंकलेश्वर-बऱ्हाणपूर महामार्ग शहाद्यातून जातो आणि त्यावरचे ट्रक रात्रभर झोपत नाहीत. एप्रिल-मे महिन्यात गरम पाणी विचारू नका, पाणी किती वेळ येतं ते विचारा. खोली तळमजल्यावर आहे का आणि शौचालय कोणत्या पद्धतीचं आहे, हे दोन प्रश्न वयस्कर माणसं सोबत असतील तर पैशाच्या आधी विचारावेत. धर्मशाळेतच राहायचं असेल तर अपेक्षा तशा ठेवाव्यात. स्वतःची चादर, कुलूप, टॉर्च आणि डासांसाठी काहीतरी सोबत असावं. नदीकाठचं गाव आहे, संध्याकाळी डास असणारच. आणि आदल्या आठवड्यात कुणाकडून तरी फोनवर खात्री करून घ्यावी, कारण एखाद्या मोठ्या कुटुंबाने विधीसाठी सगळी धर्मशाळा धरली असेल तर दारात उभं राहून उपयोग नसतो.

आता थांबण्याचं, म्हणजे मुख्य गोष्टीचं. पाऊण तासात प्रकाशा होत नाही याचं साधं कारण असं की बघण्याच्या गोष्टी एका जागी नाहीत. केदारेश्वर आणि काशी विश्वेश्वर ही मंदिरं एकाच आवारात आहेत, पुढे दगडी दीपमाळ आहे आणि बहुतेकांची भेट इथेच संपते. पण पुष्पदंतेश्वराचं मंदिर वेगळं आहे. शिवमहिम्न स्तोत्राचा कर्ता म्हणून परंपरेने ज्याचं नाव घेतलं जातं तो गंधर्व पुष्पदंत, त्याच्या नावाचं शिवालय. महिम्न रोज म्हणणारी कितीतरी मराठी घरं आहेत. त्यांतल्या थोड्यांनाच हे ठाऊक असतं की तसं देऊळ नंदुरबार जिल्ह्यात आहे. मग संगमावरचं संगमेश्वर. आणि गौतमेश्वर, ज्याचा उल्लेख ब्रिटिश काळातल्या खानदेश गॅझेटियरनेही केला आहे. १८८०च्या त्या खंडात नोंद आहे की गुरू सिंह राशीत आला की, म्हणजे बारा वर्षांतून एकदा, गौतमेश्वराची मोठी यात्रा भरते. म्हणजे सिंहस्थ फक्त नाशिक-त्र्यंबकेश्वराचा असं आपण समजतो ते पूर्ण खरं नाही, तापीकाठीही तो पाळला जातो. काशीची यात्रा करून आलेल्याने प्रकाशाला दर्शन घेतल्याशिवाय ती पुरी होत नाही, अशीही इकडे धारणा आहे. श्रद्धा असो वा नसो, एवढं वजन असलेलं गाव नारळ फोडून सुटण्याइतकं हलकं नाही.

आणि देवळांच्या खाली आणखी एक प्रकाशा आहे. जुन्या वस्तीची माती साचून झालेल्या टेकाडाला आपल्याकडे पांढर म्हणतात. प्रकाशाच्या पांढरीत १९५५ साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे बी. के. थापर यांनी उत्खनन केलं. पुढे हेच थापर सर्वेक्षणाचे महासंचालक झाले. या उत्खननात खालच्या थरात ताम्रपाषाणयुगातली वस्ती सापडली, इसवीसनपूर्व दुसऱ्या सहस्रकातली. त्यावर लोखंड वापरणाऱ्या लोकांचे थर, त्यावर ऐतिहासिक काळाचे. माळव्याच्या धाटणीची रंगवलेली खापरं आणि गोदावरी-प्रवरेकडच्या जोर्वे पद्धतीची खापरं इथे मिळाली, म्हणजे उत्तर-दक्षिण येणंजाणं तेव्हाही याच घाटाने चालू होतं. नकाशा पाहिला की कारण लगेच कळतं. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी, मधे काळ्या कसदार जमिनीचा पट्टा, आणि गोमाई मिळते तिथे नदी ओलांडायची जागा. आजही नंदुरबार-शहादा रस्त्याचा पूल इथेच आहे. घाटावर किंवा बांधावर फिरताना खापराचे तुकडे दिसले तर बघावेत, फोटो घ्यावा, पण पिशवीत घालून आणू नयेत. आपल्या शोकेसमध्ये त्याला काही किंमत नाही, जमिनीत आहे.

कुणी म्हणेल, सामान्य माणसाला थरांचं आणि खापरांचं काय? पाटी नाही, संग्रहालय नाही, वाटाड्या नाही, तासभर उन्हात उभं राहून बघायचं ते काय? आक्षेपात तथ्य आहे. प्रकाशाला माहिती सांगणारी व्यवस्था अगदीच तोकडी आहे आणि ती उणीव लेखाने भरून निघत नाही. पण त्यावरचा उपाय अधिक वेळ देणं हाच आहे. जिथे पाट्या आणि वाटाडे असतात तिथे पाऊण तास पुरतो. जिथे नसतात तिथे दुकानदाराशी, गुरवाशी, नावाड्याशी बोलत बोलत गाव उलगडतं आणि त्याला सकाळ लागते. पूजासाहित्याच्या दुकानासमोर पाच मिनिटं बसलं तरी अहिराणी, गुजरी, भिली आणि गुजरात हद्दीकडची गुजराती अशा चार भाषा कानावर पडतात. कोणत्या गावाहून आलात, एवढं विचारलं की समोरचा माणूस आपण होऊन पुढचं सांगतो.

थांबण्याचं दुसरं कारण पाणी. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी प्रकाशाची तापी पाहिलेल्या माणसाला आजचं दृश्य ओळखू येणार नाही. तापीवर सुलवाडे, सारंगखेडा आणि प्रकाशा असे तीन बॅरेज एकापाठोपाठ बांधले गेले. पावसाळा ओसरल्यावर त्यांचे दरवाजे बंद करून पाणी अडवतात आणि प्रकाशासमोरची नदी एखाद्या तलावासारखी स्थिर भरते. त्याआधी हे पाणी थेट गुजरातेत उकाईला जात असे. उकाई धरण १९७२ सालचं, आणि त्याचा फुगवटा याच जिल्ह्यात येतो. आता काठच्या उपसा सिंचन योजनांसाठी पाणी इथेही थांबतं. पाहुण्याच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पाणी भरलेलं, गाळ बसलेला, हवा थंड. तापी पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहते आणि गाव तिच्या उत्तर काठावर आहे, त्यामुळे हिवाळ्यात सूर्य पाण्याच्या बाजूने वर येतो आणि मावळतो तो नदीच्या खालच्या अंगाला. या दोन वेळा घाटावर असायला हवं, म्हणून तर शहाद्याहून पहाटे निघायचं. मार्चनंतर उन्हाचा तडाखा बसतो. मे महिन्यात इकडे पारा पंचेचाळिसाच्या आसपास जातो आणि सकाळी दहानंतर दगडी पायऱ्यांवर अनवाणी चालणं अशक्य होतं. देवळात अनवाणी जायचं असतं हे लक्षात घेऊन मोजे जवळ ठेवावेत, कुणी काही म्हणत नाही.

पावसाळ्याचं मात्र सावधपणे. भुसावळकडच्या हतनूर धरणाचे दरवाजे उघडले की ते पाणी एकामागून एक बॅरेज ओलांडत इकडे येतं, त्यामुळे प्रकाशाला ऊन पडलेलं असतानाही नदी चढू शकते. गोमाई सातपुड्यातून येते, डोंगरात पाऊस झाला की ती तासा-दोन तासांत फुगते. काठच्या गावांना सतर्कतेचा इशारा दिला जातो तेव्हा घाटाच्या वरच्या पायरीवरूनच नदी बघावी. आणि भरलेल्या पाण्याचा शांतपणा फसवा असतो हे हिवाळ्यातही विसरू नये. बॅरेजमुळे घाटाच्या खालच्या पायऱ्या पाण्याखाली गेल्या आहेत, त्यांवर शेवाळ धरतं आणि शेवटच्या पायरीनंतर तळ एकदम खाली जातो. आंघोळ करायचीच असेल तर दिसणाऱ्या पायरीवर बसून लोट्याने करावी. तेवढ्याने तीर्थस्नानाचं पुण्य कमी होतं असं कोणत्याही गुरुजींनी म्हटल्याचं ऐकिवात नाही. नावेत बसायचं तर अंगात घालायला लाइफ जॅकेट मिळतं का ते आधी बघा, नसेल तर काठावरूनही नदी तीच दिसते.

आता खाण्याकडे येऊ, कारण खानदेशात येऊन त्यावर घाईने बोलणं बरं नाही. महामार्गावरच्या ढाब्यांचा स्वयंपाक ट्रकवाल्यांसाठी, रात्रीसाठी आणि लाल रश्शासाठी बसवलेला असतो. तिथे पनीर आणि काजूकरी यांची लांबलचक यादी असते, ती बाजूला सारून शेवभाजी मागवावी. हा पदार्थ ढाब्याला खरोखर जमतो. जाड, तिखट, लसूण घातलेली शेव, आणि भाजलेला कांदा-खोबरं व काळ्या मसाल्याचा तेलाची तर्री आलेला रस्सा. यात एक खुबी आहे. शेव रश्शात आधीच घालून ठेवली तर पाच मिनिटांत तिचा लगदा होतो आणि चव पिठाळ लागते. म्हणून मागवतानाच सांगावं, शेव वेगळी द्या. वाटीत रस्सा घ्यायचा, शेव मुठीने सोडायची, ती वरून ओली आणि आतून कुरकुरीत असतानाच भाकरीचा तुकडा बुडवायचा. तिखट सोसत नसेल तर रस्सा पातळ करून मागू नका, नुसताच फिका होतो. सोबत दही किंवा ताक घ्या. या जिल्ह्यात मिरची ही नुसती चव नाही, पीक आहे. नंदुरबारचा लाल मिरचीचा बाजार देशातल्या मोठ्या बाजारांत गणला जातो. दिवाळीनंतर शहराबाहेरच्या पथाऱ्यांवर ओली मिरची वाळत घातलेली असते आणि रस्त्यावरून जाताना खिडकी उघडी असेल तर सगळी गाडी शिंकते. हिवाळ्यात नंदुरबारमार्गे येत असाल तर तिथे दहा मिनिटं जरूर थांबा. वाळवणावर पाय मात्र पडू देऊ नका.

प्रकाशा गावात सकाळी मिळतं ते चहा, पोहे, भजी, फाफडा-जलेबी असं, आणि ते सकाळीच खावं. कढईतलं तेल दुपारपर्यंत कितव्या फेरीचं झालं आहे ते सांगता येत नाही. दुपारच्या जेवणासाठी दोन वाटा आहेत. एक, बाजारातली साधी खाणावळ. तिथे वरण-भात, पोळी, एखादी रस्साभाजी मिळते आणि सणावारी वरण-बट्टी. बट्टी घेतलीत तर ती नीट कुस्करून तुपात भिजवावी आणि दुपारी डोंगर चढायचा विचार सोडावा. दुसरी वाट अधिक चांगली, पण तिला आदल्या दिवशीची तयारी लागते. पुरोहित, दुकानदार किंवा बचत गटातल्या ताई यांच्यामार्फत एखाद्या घरी सांगून ठेवायचं की उद्या इतक्या माणसांचं जेवण हवं. यात मिळतं ते हॉटेलात मिळत नाही. ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली कळण्याची भाकरी, ओल्या मिरचीचा ठेचा, कच्चं तेल, आणि थंडीत भरीत. खानदेशी भरीत म्हणजे हिरवट रंगाची मोठी वांगी कपाशीच्या काड्यांच्या जाळावर भाजतात, साल काढतात आणि लाकडी बडगीत ठेचतात. मग हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे आणि कांद्याची पात. गॅसवर भाजलेल्या वांग्याला तो धुरकट वास येत नाही, म्हणून घरातल्या चुलीला तोड नाही. उन्हाळ्यात गेलात तर भरिताचा हट्ट धरू नका. तेव्हा आमरस आणि खापरावरच्या पुरणपोळ्या, म्हणजे खानदेशी मांडे, यांचा काळ असतो. पैसे आधी ठरवावेत, माणसांची संख्या खरी सांगावी आणि वेळ पाळावी. पंधरा पानं सांगून नऊ माणसं गेली तर उरलेल्या भाकरीचा भुर्दंड त्या घराला बसतो. मासे-मटण खाणाऱ्यांनी ते शहादा-नंदुरबारला खावं. तापीत मासेमारी होते, काठावर मासे विकलेही जातात, पण धार्मिक कार्यासाठी लोक येतात त्या गावात देवळाजवळ हॉटेल शोधत फिरणं बरं दिसत नाही.

आता मोठा आक्षेप. श्रद्धाळू माणूस म्हणेल, तीर्थाच्या गावी रात्र काढायची असते, लॉजवर झोपून सकाळी गाडीने येणं म्हणजे सहल झाली, यात्रा नाही. हा आक्षेप विधीसाठी येणाऱ्यांच्या बाबतीत मला पूर्ण मान्य आहे. अस्थिविसर्जन, श्राद्ध, शांती अशा कार्यासाठी आलेल्या कुटुंबाने प्रकाशातच उतरावं. सोवळ्याचे नियम, पहाटेची वेळ, पुन्हा पुन्हा नदीवर जाणं, हे सगळं शहाद्याहून ये-जा करून निभत नाही. त्यांची सोय बहुधा गुरुजीच बघतात, आणि म्हणूनच त्यांच्याशी बोलणं आधी आणि स्पष्ट व्हायला हवं. साहित्य कोण आणणार, किती पानं जेवणार, राहण्याचे पैसे दक्षिणेत धरले आहेत की वेगळे, हे कागदावर लिहून घ्यावं. दुःखाच्या प्रसंगी पैशाचं बोलायला जड जातं, म्हणून ते प्रसंगातल्या जवळच्या माणसाने न बोलता एखाद्या मामा-काकांनी बोलावं. घाटावर आपणहून पुढे येऊन विधी करून देतो म्हणणाऱ्यापेक्षा ओळखीच्या घराकडून नाव घेऊन जाणं केव्हाही श्रेयस्कर. पण नुसत्या दर्शनाला येणाऱ्याला हा नियम लागू होत नाही. रात्रभर अडचणीत झोपून, डास मारत, सकाळी आंबलेल्या अंगाने घाईघाईत दर्शन घेऊन पळणाऱ्याने तीर्थाचा मान राखला आणि शहाद्याला स्वस्थ झोपून पहाटे घाटावर येऊन दुपारपर्यंत बसलेल्याने राखला नाही, असं कुणी म्हणेल असं वाटत नाही.

दुसरा आक्षेप गावकऱ्यांच्या बाजूचा आहे आणि तो अधिक टोचणारा आहे. सगळे झोपायला शहाद्याला गेले तर गावाला काय मिळणार? गर्दी, कचरा आणि गाड्यांचा धूर. मध्य प्रदेशात नर्मदाकाठचं महेश्वर बघा, म्हणतात, घाटाजवळच राहण्याच्या सोयी झाल्या आणि पैसा गावात राहिला. तुलना आकर्षक आहे, पण महेश्वरला अहिल्याबाईंचा किल्ला आहे, विणकरांची साडी आहे, इंदूरसारखं मोठं शहर जवळ आहे आणि वर्षभर येणारा पाहुणा आहे. प्रकाशाला आज यातलं काही नाही. खोलीच्या भाड्यातला बराचसा पैसा तसाही इमारतीच्या मालकाकडे जातो. जेवण सांगितलं, फुलं-बेल घेतला, नावेत बसलं, काठच्या शेतातली केळी-पपई किंवा सातपुड्यातल्या आदिवासी बायांनी वाळवलेला आमचूर विकत घेतला, तर तो पैसा अनेक हातांत जातो आणि त्यातले बरेच हात बायकांचे असतात. अट एकच, की दिवस खरोखर तिथे घालवायला हवा. घरून डबा, पाण्याचे बॉक्स आणि पूजेचं सामानसुद्धा शहरातून भरून आणणाऱ्याने गावाला काही दिलं असं होत नाही. गावात खोली घेऊन सगळं बाहेरून आणणाऱ्यापेक्षा बाहेर झोपून सगळं गावात घेणारा पाहुणा गावाच्या जास्त कामाचा.

येण्या-जाण्याचं थोडक्यात. मुंबईकडून सुरतमार्गे भुसावळकडे जाणाऱ्या गाड्यांनी नंदुरबारला उतरावं. पुणे-नाशिककडून धुळ्यापर्यंत महामार्ग आणि पुढे दोंडाईचामार्गे. नंदुरबार आणि शहादा या दोन्ही ठिकाणी एसटीचे आगार आहेत, आणि दोन्हींमधल्या गाड्या प्रकाशावरून जातात, त्यामुळे दिवसा बसची अडचण पडत नाही. संध्याकाळी घाटावर रेंगाळणार असाल तर परतीची शेवटची गाडी कधी ते सकाळीच स्थानकावर विचारून ठेवा, नाहीतर काळी-पिवळीत मांडीला मांडी लावून यावं लागेल. थोडी रोख रक्कम आणि सुटे पैसे जवळ असावेत. जोडसहल करायची तर एका दिवसात एकच. तोरणमाळ सातपुड्यात साडेतीन हजार फुटांहून उंच आहे, घाटरस्ता वळणांचा आहे, यशवंत तलाव आणि सीताखाई बघायला स्वतंत्र दिवस हवा. सारंगखेड्याचा एकमुखी दत्त आणि डिसेंबरच्या सुमारास दत्तजयंतीपासून भरणारा घोडेबाजार शहाद्याहून अर्ध्या-पाऊण तासावर आहे. पण त्या दिवसांत शहाद्यातल्या आणि दोंडाईच्यातल्या खोल्या घोड्यांच्या व्यापाऱ्यांनी आणि पर्यटकांनी भरतात, तेव्हा खोली महिनाभर आधी धरावी किंवा नंदुरबारला राहावं.

या सगळ्या सल्ल्याला एक अपवाद आहे, तो मोठ्या गर्दीच्या दिवसांचा. महाशिवरात्रीला प्रकाशाला आणि तोरणमाळला एकाच वेळी यात्रा असते, त्यामुळे शहाद्याकडचा रस्ता दोन्हीकडच्या वाहनांनी तुंबतो. श्रावणातल्या सोमवारी गाड्या गावाबाहेर अडवल्या जातात. आणि २०२७च्या सुमारास, नाशिकला सिंहस्थ असेल त्याच वर्षांत, गौतमेश्वराचीही बारा वर्षांनी येणारी पर्वणी असेल. अशा दिवशी शहाद्याहून पहाटे निघून सूर्योदय गाठू असं कुणी समजू नये. आदल्या दुपारीच गावात शिरावं, ओळखीच्या घरी किंवा धर्मशाळेत जिथे मिळेल तिथे अंथरूण टाकावं, वयस्कर माणसांना घरी ठेवावं आणि लहान मुलांच्या खिशात फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी घालावी. देवळं आणि नदी निवांत बघायची असतील तर यात्रा ओसरल्यानंतरचा एखादा साधा मंगळवार-बुधवार निवडा. केदारेश्वराच्या गाभाऱ्यात त्या दिवशी घटकाभर बसता येतं.